सुटणार की नाही? समुद्रसफरीच्या अनिश्चिततेचा आढावा

भूम तालुक्यातल्या ईटपासून मुंबईचं बंदर रस्त्याने तीनशे किलोमीटरहून दूर आहे. इथल्या एखाद्या कुटुंबाने मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलं, तर जहाजाचं तिकीट हा त्या बेताचा एक तुकडा असतो. ईटहून भूम किंवा बार्शी, तिथून पुणे, पुण्याहून मुंबई. गाडी चुकायला नको म्हणून आदल्या रात्रीचं लॉज. पुण्यातल्या मुलाची रजा, नातवाची शाळा. गोठ्यात जनावरं असतील तर चार दिवस धारा काढायला माणूस. हा पट्टा खव्याचा आहे आणि दूध सुट्टी घेत नाही. एवढं सगळं जुळवून झाल्यावर सुटण्याच्या पाच-सहा दिवस आधी अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी येते. कंपनी म्हणते, सफर वेळापत्रकाप्रमाणे होईल. एजंट म्हणतो, बघू, दोन दिवसांत कळेल.

हा आढावा त्या दोन दिवसांचा आहे. सफर रद्द झाल्यावर पैसे कसे परत मिळवायचे, यावर वृत्तपत्रांतून आणि ग्राहक चळवळीतून पुष्कळ लिहिलं गेलं आहे. सफर रद्द होण्याची शक्यता आहे पण ती रद्द झालेली नाही, या मधल्या अवस्थेकडे मात्र फारसं कुणी पाहिलेलं नाही. खरी गुंतागुंत तिथेच आहे. कंपनीने सफर रद्द केली तर साधारणपणे भाडं परत मिळतं. प्रवाशाने रद्द केली तर कपात होते आणि तारीख जवळ येईल तशी ती वाढत जाते. शेवटच्या दिवसांत बहुतेक करारांत परत मिळण्यासारखं काही उरत नाही. त्यामुळे जो आधी बोलेल त्याचं नुकसान, अशी स्थिती तयार होते आणि दोन्ही बाजू गप्प राहतात. गप्प राहणं कंपनीला परवडतं. लॉजवाला, रजा मंजूर करणारा साहेब आणि गोठ्यातला बदली माणूस मात्र उत्तर मागत असतात.

ठरलेली बंदी आणि अचानक रद्द होणं

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बोट बंद राहणं ही नवलाई नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असं करत गोव्यापर्यंत जाणारी आगबोट कोकणच्या कित्येक पिढ्यांनी वापरली. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे, आणि ती बंद होणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत असे. चाकरमानी मे महिन्याच्या अखेरीची बोट धरत, घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी उरकली जाई. प्रवास होणार नाही हे नक्की असलं की त्याभोवती जगण्याची घडी बसवता येते. आजही गेटवे ते मांडवा लहान बोटी पावसाळ्याचे महिने बंद राहतात आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

बोट सुटली म्हणजे बरंच झालं, असंही नाही. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रद्द झालेल्या फेरीवर चिडणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख लक्षात ठेवावी असं मला वाटतं. पुढे कंपन्यांची बाजू पाहताना तिच्याकडे परत यावं लागेल.

कोकणची प्रवासी बोट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस थांबली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि समुद्रमार्गाने जाण्याची गरज संपली. त्यानंतर समुद्र परत आला तो हौस म्हणून. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई–गोवा ‘आंग्रिया’ ही क्रूझ सुरू झाली. एप्रिल २०१९मध्ये ‘जलेश’ कंपनीचं ‘कर्णिका’ हे जहाज मुंबईत आलं. सप्टेंबर २०२१मध्ये ‘कॉर्डेलिया’ने सफरी सुरू केल्या. सप्टेंबर २०२५मध्ये बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. सहल कंपन्यांमुळे सिंगापूर–मलेशियाच्या सहलीत जहाजावरच्या एक-दोन रात्री हा मराठी पर्यटकांच्या परिचयाचा भाग झाला होताच.

या बदलात एक गोष्ट हातची गेली. आगबोट चुकली तर पुढच्या फेरीने जाता येई, कारण उद्देश मालवणला पोहोचण्याचा होता. क्रूझवर जहाजात असणं हाच प्रवास असतो. गोव्याला रेल्वेने पाठवतो, असं कंपनी म्हणाली तर त्याला पर्याय म्हणता येत नाही. वाहतुकीचे जुने नियम ‘दुसऱ्या गाडीने पोहोचवा’ या तत्त्वावर उभे आहेत आणि ते इथे अपुरे पडतात.

कशाकशाने रद्द होतं

हवामान हे सर्वांत जुनं कारण आणि त्यातल्या त्यात सोसायला सोपं. हवामान खातं सूचना देतं, बंदरात तीन नंबरचा बावटा लागतो, चक्रीवादळाचा मार्ग नकाशावर दिसतो. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळं पाठोपाठ आली आणि ऑक्टोबर म्हणजे निर्धोक हंगाम, ही समजूत हलली. तरीही वादळाचा अंदाज चार-पाच दिवसांचा असतो. तेवढ्या अवधीत दोन्ही बाजूंना काहीतरी ठरवता येतं.

साथीच्या रोगाने वेगळाच प्रकार दाखवला. फेब्रुवारी २०२०मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकलं. जहाजावरच्या सुमारे ३,७०० माणसांपैकी ७१२ जणांना लागण झाली. जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यातले १३२ कर्मचारी. मार्चच्या मध्यापर्यंत जगभरच्या क्रूझ कंपन्यांनी सफरी थांबवल्या. पुढे जानेवारी २०२२मध्ये मुंबईहून नववर्षाच्या सफरीवर गेलेल्या ‘कॉर्डेलिया’वर गोव्यात ६६ जण बाधित आढळले आणि सुमारे दोन हजार माणसांचं ते जहाज मुंबईला परत आलं. सफर रद्द झाली नव्हती, पूर्णही झाली नव्हती. अशा अर्धवट सफरीचं काय करायचं, याचं उत्तर करारात शोधायला गेलं की एक वाक्य हमखास सापडतं: मार्ग आणि बंदरं बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राखीव आहे.

त्याच वाक्याचा प्रत्यय जून २०२२मध्ये आला. चेन्नईहून निघालेल्या ‘कॉर्डेलिया’ला पुद्दुचेरी सरकारने बंदरात थांबण्याची परवानगी नाकारली, जहाजावरच्या जुगाराला तिथे विरोध झाला होता. म्हणजे समुद्र शांत, जहाज धडधाकट, प्रवासी निरोगी, आणि तरी बंदर गाळलेलं. कागदपत्रांची आणि परवान्यांची अडचण प्रवाशाला आधी दिसण्याचा काही मार्ग नसतो.

युद्धाचंही तसंच. नोव्हेंबर २०२३पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४च्या आरंभी सुएझमार्गे आशियाकडे येणाऱ्या कितीतरी सफरी रद्द झाल्या किंवा आफ्रिकेला वळसा घालून गेल्या.

सगळ्यांत वाईट कारण दिवाळखोरी. ‘जलेश’ २०२०च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली आणि ‘कर्णिका’ अलंगच्या भंगारात गेलं. सिंगापूरच्या सहलींतून मराठी पर्यटकांना ठाऊक असलेल्या ‘ड्रीम क्रूझेस’ची मूळ कंपनी गेंटिंग हाँगकाँग जानेवारी २०२२मध्ये कोसळली. जमिनीवरही हेच: एप्रिल २०१९मध्ये जेट एअरवेज थांबली, त्याच वर्षी कॉक्स अँड किंग्ज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, मे २०२३मध्ये गो फर्स्ट. अशा वेळी परताव्याचा हक्क कागदावर राहतो. प्रवासी देणेकऱ्यांच्या रांगेत जातो आणि त्याच्यापुढे बँका उभ्या असतात.

‘लाइफ ॲट सी’ या तीन वर्षांच्या जगप्रवासाचं प्रकरण या सगळ्यांत बोलकं आहे, कारण तिथे प्रतीक्षाच सफर होऊन बसली. इस्तंबूलहून १ नोव्हेंबर २०२३ रोजी निघायचं होतं. तारीख आधी ११ नोव्हेंबर झाली, मग ३० नोव्हेंबर. ज्या जहाजावर भिस्त होती ते दुसऱ्याच कंपनीने विकत घेतलं आणि त्याच महिन्यात सफर रद्द झाली. काहींनी राहती घरं विकून वा भाड्याने देऊन पैसे भरले होते. काही जण इस्तंबूलला पोहोचलेही होते. पुढच्याच वर्षी ‘व्हिला व्ही ओडिसी’ हे जहाज बेलफास्टमध्ये दुरुस्तीसाठी चार महिने खोळंबलं, पण ते अखेर निघालं. दोन्हीकडच्या प्रवाशांना आरंभी मिळालेली आश्वासनं जवळजवळ सारखीच होती. बाहेरून पाहणाऱ्याला कोणतं सुटेल आणि कोणतं बुडेल हे ओळखण्याची खूण नव्हती.

पहिलं मत: वाट पाहा

वडीलधाऱ्यांचा सल्ला बहुधा असाच असतो की चित्र स्पष्ट होईपर्यंत पैसे अडकवू नका. त्यात शहाणपण आहे. शेवटच्या आठवड्यांत रिकाम्या केबिन स्वस्तात मिळतात हेही खरं. पण हा सल्ला मुंबईत राहणाऱ्याला जेवढा लागू पडतो तेवढा ईटकराला पडत नाही. ज्याला फक्त टॅक्सी करून बंदरावर जायचं आहे तो आदल्या दिवशी ठरवू शकतो. मुंबईहून क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. त्यातला ऑक्टोबर सोयाबीनच्या काढणीत जातो, फेब्रुवारी-मार्च ज्वारीच्या. शेतकरी घराला मोकळीक मिळते ती नोव्हेंबरअखेर ते जानेवारी, आणि नेमकी तीच गर्दीची आणि महागडी वेळ.

वाट पाहण्याची खोड माणसात किती खोलवर आहे, यावर अमॉस ट्वर्स्की आणि एल्डार शाफिर यांचा १९९२चा प्रयोग प्रसिद्ध आहे, आणि योगायोगाने तो सहलीवरच आहे. विद्यार्थ्यांना सांगितलं, कठीण परीक्षा झाली आहे आणि हवाईची स्वस्त सहल उद्यापर्यंतच बुक करता येते. पास झाला असं सांगितलेल्यांपैकी ५४ टक्क्यांनी सहल घेतली, नापास सांगितलेल्यांपैकी ५७ टक्क्यांनी. निकाल परवा लागणार असं सांगितलेल्यांपैकी मात्र ३२ टक्क्यांनीच घेतली. ६१ टक्के जण निकाल कळेपर्यंत किंमत धरून ठेवण्यासाठी परत न मिळणारे पाच डॉलर द्यायला तयार झाले. निकाल कोणताही लागला तरी बहुतेकांनी सहल घेतलीच असती. ती माहिती निर्णयाच्या उपयोगाची नव्हती, तरी तिच्यासाठी पैसे मोजायची तयारी होती.

दुसऱ्या बाजूने, अनिश्चिततेचा त्रास खरा आहे आणि तो मोजता येतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१६मध्ये स्वयंसेवकांना संगणकावर दगड उचलायला लावले. खाली साप निघाला की हाताला विजेचा सौम्य झटका. झटका बसणारच, हे माहीत असताना होता त्यापेक्षा शक्यता पन्नास टक्के असताना ताण जास्त आढळला. ‘एकदाचं रद्द तरी करा’ असं प्रवासी वैतागून म्हणतात त्याला असा आधार आहे. पण प्रयोगशाळेतल्या दगडाखालून पाच-पन्नास हजारांच्या बेताकडे उडी मारताना जपायला हवं. तिथे वाट पाहण्यात आनंद नव्हता. डच पर्यटकांवरच्या, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहलीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा निघण्याआधी अधिक आनंदी आढळले होते. म्हणजे शेवटपर्यंत वाट पाहून ऐनवेळी ठरवणारा पैसा वाचवतो, आणि सहलीआधीची मजा गमावतो. याचा हिशेब कोणत्याच सल्ल्यात नसतो.

दुसरं मत: बुक करा, पण संरक्षण घेऊन

प्रवासतज्ज्ञ आणि विमा क्षेत्रातली मंडळी म्हणतात, अनिश्चितता टाळता येत नाही, तिची किंमत मोजा. परत मिळणारं तिकीट थोडं महाग पडलं तरी घ्या, क्रेडिट कार्डाने पैसे भरा म्हणजे सेवा न मिळाल्यास बँकेकडे दाद मागता येते, आणि प्रवास विमा काढा.

विम्याचा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण गैरसमज इथेच सर्वाधिक आहेत. सफर रद्द होण्याचं संरक्षण ठरावीक कारणांपुरतं असतं: आजारपण, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, पॉलिसीत लिहिलेल्या काही आपत्ती. ‘रद्द होईल असं वाटतं म्हणून मीच रद्द केलं’ हे कारण त्यात बसत नाही. शिवाय जगजाहीर झालेल्या धोक्याला विमा नसतो. वादळाला नाव मिळाल्यावर काढलेली पॉलिसी त्या वादळासाठी निरुपयोगी. म्हणजे ज्या क्षणी विमा आठवतो त्या क्षणी बहुधा उशीर झालेला असतो. कोणत्याही कारणाने रद्द करण्याची मुभा देणाऱ्या पॉलिसी अमेरिकेत मिळतात; त्या साधारणपणे खर्चाच्या ५० ते ७५ टक्के परत देतात आणि पहिला हप्ता भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत घ्याव्या लागतात. आपल्याकडे अशी सोय सर्रास नाही.

हे मत साधार आहे, फक्त ते क्रेडिट कार्ड आणि पॉलिसीचं इंग्रजी वाचू शकणाऱ्याला गृहीत धरतं. तालुक्याच्या एजंटकडे रोख किंवा यूपीआयने अ‍ॅडव्हान्स देऊन व्हॉट्सअ‍ॅपवर पावती घेणारा माणूस या सल्ल्याच्या परिघाबाहेर राहतो.

तिसरं मत: कंपन्यांचं म्हणणं

कंपन्यांची बाजू अनेकदा फक्त नफेखोरी म्हणून उडवली जाते. ते बरोबर नाही. जहाज सुटणार की नाही हे कंपनीलाही शेवटपर्यंत ठाऊक नसतं. बंदर, हवामान खातं, आरोग्य खातं, सीमाशुल्क, राज्य सरकार यांपैकी कुणीही नकार देऊ शकतं. लवकर रद्द करावं आणि मग आकाश निरभ्र निघावं, यात कंपनी आणि जायला उत्सुक असलेले शेकडो प्रवासी दोघंही नाडले जातात. जहाज रिकामं ठेवलं तरी इंधन, कर्मचारी, बंदरशुल्क चालूच. आणि रद्द करण्यावर मोठा दंड बसवला तर कप्तानावर जहाज काढण्याचा दबाव येईल. या शेवटच्या मुद्द्यापाशी ‘रामदास’ आठवते, आणि मला तो मुद्दा कंपन्यांच्या युक्तिवादातला सर्वांत वजनदार वाटतो.

त्यांचा दुसरा युक्तिवाद तितका पटत नाही. रोख परताव्याऐवजी पुढच्या सफरीसाठी रक्कम जमा ठेवण्याची पद्धत कोविडकाळात जगभर रूढ झाली. कंपनी जगली तर सगळ्यांचं भलं, असं त्यामागचं म्हणणं. कंपनी जगली नाही तर ती जमा रक्कमही तिच्याबरोबर जाते, हे त्यात सांगितलं जात नाही.

चौथं मत: नियम हवेत

ग्राहक संघटना आणि अनेक वकील म्हणतात, हा प्रश्न व्यक्तीच्या हुशारीवर सोडू नये. त्यांचा आधार विमान आणि रेल्वे. विमान कंपनीने नियमात ठरलेल्या मुदतीत कळवून पर्यायी विमान किंवा परतावा दिला तर भरपाई द्यावी लागत नाही. त्याहून उशिरा कळवलं आणि कारण तिच्या हातातलं असेल तर भरपाईचा प्रश्न येतो. म्हणजे कळवण्याच्या वेळेला तिथे किंमत आहे. लॉकडाउनमधल्या तिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ‘प्रवासी लीगल सेल’ प्रकरणात आदेश दिला. लॉकडाउनच्या काळात काढलेल्या तिकिटांचे पैसे परत; आधी काढलेल्यांबाबत अडचणीतल्या कंपन्यांना रक्कम ३१ मार्च २०२१पर्यंत जमा ठेवण्याची मुभा, पण त्या रकमेत जून २०२०अखेरपर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का वाढ. थांबायला लावण्याची किंमत न्यायालयाने ठरवली, हे या आदेशाचं वेगळेपण. तो विमानतिकिटांपुरता होता. क्रूझ आणि पॅकेज सहली करारावर राहिल्या.

त्यांच्यासाठी सामान्य कायदा आहे. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ५६प्रमाणे अशक्य झालेला करार संपतो आणि कलम ६५प्रमाणे त्यापोटी घेतलेला लाभ परत करावा लागतो. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा एकतर्फी, अन्यायकारक करारांविरुद्ध दाद मागू देतो. ईटच्या वाचकासाठी त्यातली सर्वांत उपयोगाची तरतूद अशी की तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं कार्यालय मुंबईत असलं तरी धाराशिवच्या जिल्हा आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन तक्रारीची सोय आहे आणि त्याआधी १९१५ ही हेल्पलाइन. पण हे सगळं सफर बिघडल्यानंतरचं. ती बिघडेल की काय, या काळासाठी कायद्यात काही नाही.

युरोपने तिथे पाऊल टाकलं आहे. २०१५च्या पॅकेज सहलींच्या निर्देशानुसार गंतव्यस्थानी टाळता न येणारी, असाधारण परिस्थिती असेल तर प्रवासी स्वतः विनाकपात रद्द करू शकतो आणि पैसे १४ दिवसांत परत मिळतात. मग प्रश्न आला: परिस्थिती कोणत्या दिवशीची धरायची? एका जर्मन प्रवाशाने एप्रिलमधली जपानची सहल १ मार्च २०२० रोजी रद्द केली, कंपनीने २५ टक्के कापले, आणि २६ मार्चला जपानने प्रवेश बंद केला. युरोपीय न्यायालयाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सांगितलं की रद्द केल्याच्या दिवशी जे दिसत होतं तेवढंच पाहायचं. नंतर जे घडलं ते धरायचं नाही. लवकर आणि समंजसपणे निर्णय घेणाऱ्याला नंतरच्या घटनांचा आधार मिळत नाही, असा याचा अर्थ होतो. पण नंतर सगळं सुरळीत झालं तर त्याचा हक्क हिरावलाही जात नाही. अमेरिकेत २०२२पासून क्रूझ तीन किंवा अधिक दिवस पुढे ढकलली तर ती ‘झाली नाही’ असं मानून परतावा मागता येतो. ‘लाइफ ॲट सी’सारखी तारीख सरकत राहते तेव्हा अशी रेघ मोलाची ठरते.

दिवाळखोरीसाठी ब्रिटनमध्ये विमानासह असलेल्या सहलींना १९७३पासून ‘अ‍ॅटोल’ योजनेचं संरक्षण आहे. सप्टेंबर २०१९मध्ये तिथली थॉमस कुक बुडाली तेव्हा दीड लाखाच्या आसपास प्रवासी सरकारी मोहिमेतून मायदेशी आणले गेले. भारतातली थॉमस कुक २०१२पासून वेगळ्या मालकीची असल्याने तिला धक्का लागला नाही. अ‍ॅटोलसारखी वैधानिक तजवीज आपल्याकडे नाही.

साखळीचा प्रश्न

वरच्या चारही मतांत जहाजाचं भाडं मध्यभागी आहे. ईटहून पाहिलं तर भाडं परत मिळूनही बराच खर्च उरतो: पुण्यापर्यंतची ट्रॅव्हल्स, लॉज, बुडालेली रजा, बदली माणसाची मजुरी. करार या खर्चांना परिणामी नुकसान म्हणून बाजूला ठेवतात. दूर राहणाऱ्याला रद्द होण्याचा फटका जास्त बसतो, ही साधी गोष्ट नियमांच्या चर्चेत जवळजवळ येतच नाही.

तिची दखल घेणारी एक सोय मात्र आपल्याच देशात आहे. १ एप्रिल २०१९पासून रेल्वेत दोन जोडप्रवासांचे पीएनआर एकमेकांशी जोडता येतात. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे परत मिळतात. तिकिटं दोन असली तरी प्रवास एक आहे, हे रेल्वेने मान्य केलं. रेल्वे दोन्ही गाड्यांची मालक असल्याने तिला ते सोपं होतं. एसटी, खासगी बस, रेल्वे आणि जहाज अशा चार मालकांच्या साखळीत हे कुणी मान्य करायचं? सहल कंपनीचं पॅकेज हे त्याचं आजचं उत्तर आहे. पण बहुतेक पॅकेजं पुण्या-मुंबईहून सुरू होतात. साखळीचा पहिला दुवा, ईट ते पुणे, प्रवाशाच्याच अंगावर राहतो. २०२१-२२मध्ये एसटीचा संप जवळजवळ सहा महिने चालला तेव्हा तोच दुवा तुटला होता.

या भागात न झालेल्या प्रवासाची एक फार वेगळी आठवणही आहे. पैठणहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखी खर्डा, दांडेगाव, अनाळा, परांडा या वाटेने पंढरीला जाते. २०२०मध्ये पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने गेल्या आणि १ जुलैची आषाढी वारकऱ्यांनी घरी केली. २०२१मध्येही पायी वारी नव्हतीच. तिथे परताव्याचा प्रश्न नव्हता आणि निर्णय जाहीर झाल्यावर हळहळ होती, तगमग कमी. क्रूझची वारीशी तुलना ताणू नये. एवढंच दिसतं की निर्णय स्पष्ट आणि सगळ्यांसाठी एकच असला की तो सोसायला सोपा जातो.

काय सुटलेलं नाही

भीतीपोटी रद्द करण्याचा हक्क असावा का, यावर एकमत नाही. २२ एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी कुटुंबांनी काश्मीरचे बेत सोडले. विमान कंपन्यांनी श्रीनगरच्या तिकिटांवरची कपात काही दिवसांसाठी माफ केली. ती सवलत होती, हक्क नव्हता. हॉटेलं आणि टॅक्सीवाले यांचं काय, हे ज्याने त्याने मिटवलं. भीती वाजवी होती हे कुणी नाकारणार नाही, पण त्या खोऱ्यातल्या हॉटेलवाल्याचाही त्यात दोष नव्हता.

कंपनीने ‘सफर धोक्यात आहे’ हे कधी सांगावं, यालाही मर्यादा ठरलेली नाही. सुटण्याच्या अमुक दिवस आधी सफरीची स्थिती जाहीर करण्याचं बंधन घालता येईल. त्या दिवशी ती ‘अनिश्चित’ असेल तर प्रवाशाला कपातीशिवाय बाहेर पडण्याची मुभा मिळेल. माझा कल या मार्गाकडे आहे, कारण तो जहाज सोडण्याचा दबाव वाढवत नाही आणि गप्प राहण्याचा फायदा कमी करतो. याला उत्तर असं की मग कंपन्या प्रत्येक सफर ‘निश्चित’ म्हणूनच जाहीर करतील, किंवा सावधगिरी म्हणून सगळ्याच सफरी ‘अनिश्चित’. हा आक्षेप खोडून काढण्याइतका अनुभव अजून कुठल्या देशाकडे नाही.

आणि एजंटचा प्रश्न तर कुणी हातातच घेतलेला नाही. भूम-बार्शीच्या बाजारपेठेतला एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी की प्रवाशाचा? पैसे त्याने पुढे भरले असोत वा नसोत, प्रवासी आधी त्याच्याच दुकानात जातो. कंपनीचा परतावा त्याच्या खात्यातून येतो आणि कधीकधी तिथेच महिनोन्‌महिने थांबतो. नवं टर्मिनल मुंबईत उभं राहिलं आहे, येत्या हंगामांत मराठवाड्यातून जाणारे प्रवासी वाढतील, आणि त्यांची बुकिंगं बहुधा याच दुकानांतून होतील.